कपात किती मैदा मावतो?

एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? उत्तर शोधायला निघालात तर ११३ पासून १५० पर्यंत हवा तो आकडा मिळेल, आणि प्रत्येक जण तो ठणकावून सांगेल. किंग आर्थर ही अमेरिकेतली जुनी पीठ कंपनी १२० म्हणते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १२५ आहे. अमेरिकेतलीच काही नावाजलेली पाकशास्त्राची मासिकं १४० च्या थोडं वर जातात. पाण्याच्या बाबतीत असा गोंधळ कधी होत नाही. साखरेच्या बाबतीतही फारसा नाही. मैद्यावरच एवढं एकमत का होत नाही, हे एकदा कळलं की कपाचे ग्रॅम करून देणाऱ्या तक्त्यांकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघू लागतो. असा तक्ता मैद्याबद्दल जेवढं सांगतो, त्याहून अधिक तो करणाऱ्याच्या हाताबद्दल सांगतो.

कप जागा मोजतो, पदार्थ नव्हे. गव्हाच्या पिठाच्या सुट्या कणाची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण १.४५ ग्रॅम असते. म्हणजे २४० मिलिलिटरच्या कपात हवेला जराही जागा न ठेवता मैद्याचा सलग गोळा बसवता आला, तर त्याचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल. प्रत्यक्षात मावतो १२० ते १५०. कप काठोकाठ भरलेला दिसतो खरा, पण त्यात मैदा एक तृतीयांशाच्या थोडा वर आणि बाकी सगळी हवा. त्या हवेचं प्रमाण ठरतं ते कप भरण्याच्या पद्धतीवर.

साखरेतही हवा असतेच. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९, म्हणजे भरीव कप ३८० ग्रॅमचा व्हायला हवा. तो होतो २०० चा. पण हा २०० चा आकडा सहसा हलत नाही. कप बुडवून भरा, चमच्याने भरा, वरून ओता. फरक चार-पाच ग्रॅमचा. कारण साखरेचा दाणा मोठा आणि जड असतो. तो स्वतःच्या वजनाने घरंगळत खाली जातो आणि सापडेल त्या खळग्यात बसतो. मैद्याचे कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही लहान. एवढ्या बारीक कणांना स्वतःचं वजन जवळपास नसतंच. शेजारच्या कणाशी असलेली ओढ त्या वजनापेक्षा भारी पडते. त्यामुळे ते एकमेकांना धरून मध्ये पोकळ्या ठेवत अधांतरी रचले जातात. डबा आपटला, कप हलवला, चमच्याने दाबलं की ही रचना ढासळते आणि त्याच जागेत आणखी मैदा मावतो. चाळला की उलट होतं: कण सुटे होतात, हवा शिरते, कप हलका भरतो. म्हणून नुसत्या चाळलेल्या मैद्याचा कप ११०-११५ चा आणि पिशवीत कप खुपसून, कडेला दाबून काढलेला १५० चा. कप एकच, मैदा एकाच पिशवीतला, आणि फरक तब्बल पस्तीस-चाळीस ग्रॅमचा.

पाककृतीत ‘एक कप चाळलेला मैदा’ लिहिलेलं असेल तर आधी चाळायचं, मग मोजायचं. ‘एक कप मैदा, चाळून’ असेल तर आधी मोजायचं. चाळणी आधी की नंतर एवढ्याने दहापंधरा ग्रॅम इकडचे तिकडे होतात. लिहिणाऱ्याच्या मनात हा भेद होता की वाक्य सहज तसं पडलं, ते मात्र कळायला मार्ग नसतो.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात आणखी एक खड्डा आहे, आणि केक बिघडण्याचं ते एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. वाण्याकडची साखर जाड दाण्याची. लोण्यात फेटताना ती विरघळत नाही, म्हणून बहुतेक जण ती मिक्सरवर दळून घेतात. इथवर ठीक. पण दळून झाल्यावर त्या पिठीतून एक कप मोजला की घात होतो. साखरेचा कप २०० ग्रॅमचा, पिठी साखरेचा जेमतेम १२०. दाणा बारीक झाला, तो आता मैद्यासारखा वागतो, आणि ऐंशी ग्रॅम साखर केकमध्ये पोचतच नाही. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती ओल धरून ठेवते, केकला मऊपणा आणि रंग देते. केक फिका, कोरडा झाला की दोष ओव्हनवर जातो. मोजून मग दळलं, किंवा सरळ वजनच केलं, तर हा प्रश्न उरत नाही. २०० ग्रॅम साखर दळली तरी २०० ग्रॅमच.

मग जगातल्या इतक्या पाककृती कपात लिहिलेल्या का? याचं उत्तर अमेरिकेत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या पुस्तकांत ‘अंड्याएवढं लोणी’, ‘चहाचा एक पेला पीठ’ अशी मापं सर्रास असत. घरोघरी तराजू नव्हते, पेले मात्र होते. पण ते ज्याच्या त्याच्या घरी वेगळे. १८९६ मध्ये बॉस्टनच्या पाककला शाळेची प्रमुख फॅनी फार्मर हिने आपलं पुस्तक काढलं. प्रकाशकाला त्याच्या खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च तिने स्वतः सोसला. पुढे ते अमेरिकेतल्या घराघरांत गेलं. तिचा आग्रह एकच होता: कप ठरावीक मापाचा हवा, चमचाही ठरावीक, आणि दोन्ही सपाट भरलेले. पीठ आधी चाळायचं, चमच्याने कपात घालायचं, वर थोडं आलं की सुरीच्या पात्याने सपाट करायचं, आणि हे करताना कप हलू द्यायचा नाही. कप हलू न देण्याची ही सूचना मला फार आवडते. पीठ कुठे दगा देतं हे तिला नेमकं माहीत होतं. तिच्या हिशोबात असे चार कप पीठ म्हणजे एक पौंड, म्हणजे कपाला ११३ ग्रॅम. अगदी सुरुवातीला दिलेला सर्वांत लहान आकडा हाच.

पुढे तिची पद्धत अर्धीच टिकली. कप राहिला, त्याचा सपाटपणा राहिला, पण चाळणी गेली. गिरण्या चाळलेलं पीठ पिशवीत भरून विकू लागल्या, तेव्हा घरी पुन्हा कोण चाळणार? कप थेट पिशवीत बुडू लागला. वाहतुकीत दबून बसलेलं ते पीठ कपात भरपूर मावू लागलं. पुस्तकात कप एकच राहिला, आणि पिठाचं वजन मात्र गुपचूप वाढलं. युरोपातल्या बऱ्याच देशांनी हा मार्ग धरलाच नाही. फ्रान्समध्ये नि जर्मनीत ग्रॅम, इंग्लंडमध्ये आधी औंस आणि मग ग्रॅम. इंग्लंडमधल्या जुन्या गृहिणी स्पंज केक करताना तराजूच्या एका पारड्यात कवचासकट अंडी ठेवत आणि दुसऱ्या पारड्यात त्याच वजनाचं लोणी, मग साखर, मग पीठ. वजनमापं लागतच नसत. अंडं हेच वजन. मोठी अंडी असली तर केक मोठा, लहान असली तर लहान, प्रमाण तेच. मोजण्याची इतकी सुटसुटीत पद्धत मला दुसरी माहीत नाही.

महाराष्ट्राला हा गुंता नवा नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य शतकानुशतकं असंच जागेने मोजलं गेलं. माप सपाट भरायचं की वर शीग लावायची, भरताना ते हलवायचं की नाही, यावरच घेणाऱ्या-देणाऱ्याचं नफानुकसान ठरे. मापात पाप म्हणतात ते इथेच शिरे. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर आजच्या हिशोबात ९३३ ग्रॅमचा. १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं लागू होऊ लागली आणि हळूहळू दुकानातून शेर, पायली गेली. स्वयंपाकघरातली वाटी मात्र हलली नाही.

आणि तिने हलायचं कारणही नव्हतं. एक वाटी रवा, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी: शिरा होतो. वाटी आमटीची असो की भाजीची, सगळं त्याच वाटीने मोजलं की प्रमाण बिघडत नाही. थोडं चुकलंच तर कढई समोर असते. पाण्याचा हबका मारता येतो, झाकण ठेवून आणखी एक वाफ काढता येते. वाटीची पद्धत अचूक नसली तरी शहाणी आहे, कारण ती प्रमाणावर चालते आणि मध्येच दुरुस्तीला वाव ठेवते.

केकला यातल्या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. ओव्हनचं दार बंद झालं की हबका मारता येत नाही, हे उघडच आहे. दुसरी गोष्ट तेवढी चटकन ध्यानात येत नाही. केकच्या पाककृतीत कपासोबत अंडी असतात, आणि सोडा नि बेकिंग पावडरचे चमचे असतात. कपाच्या जागी आपली वाटी घेतली तर मैदा, साखर, लोणी त्या मानाने कमी होतात; अंडं मात्र तेवढंच राहतं आणि चमचाही तेवढाच. १५० मिलिलिटरची वाटी आणि २४० मिलिलिटरचा कप यांत दीडपटीहून जास्त अंतर. मैदा एवढ्याने घटला आणि सोडा तसाच राहिला की साबणासारखी चव येते. ‘कप असो की वाटी, एकच माप वापरा म्हणजे झालं’ हा सल्ला शिऱ्याला लागू आहे, केकला नाही.

एक खरी पाककृती घेऊन बघू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावी टोल हाऊस नावाची खानावळ होती. तिची मालकीण रूथ वेकफील्ड हिने १९३० च्या दशकात चॉकलेटचे तुकडे घातलेली बिस्किटं केली आणि ती कृती पुढे नेस्लेच्या चॉकलेटच्या पाकिटावर छापली गेली. तिचं प्रमाण असं: सव्वादोन कप मैदा, एक कप लोणी, पाऊण कप साखर, पाऊण कप दाबून भरलेली ब्राऊन शुगर, दोन मोठी अंडी, एक-एक चमचा सोडा आणि मीठ, दोन कप चॉकलेटचे तुकडे, आणि थोडा व्हॅनिला.

आता याचे ग्रॅम करू. लोणी सोपं: अमेरिकेत लोण्याच्या कांड्या मिळतात, एका कपाला दोन कांड्या, म्हणजे २२७ ग्रॅम. (एक कांडी ११३ ग्रॅमची असते, आपल्याकडचं शंभर ग्रॅमचं पाकीट म्हणजे एक कांडी असं धरलं तर दोन कांड्यांमागे सव्वीस-सत्तावीस ग्रॅम लोणी कमी पडतं.) साखर १५०. ब्राऊन शुगर १६०, पण ती ओलसर, कपात दाबली तर पालथी घातल्यावर कपाचा आकार धरणारी हवी. आपल्या बाजारात त्या नावाने बहुतेकदा कोरडी, दाणेदार साखर मिळते. ती कितीही दाबली तरी बसत नाही, म्हणून इथे वजनच करावं. अंडी कवचाशिवाय १०० ग्रॅम. चॉकलेट बारा औंस, म्हणजे ३४०.

उरला मैदा. कपाला १२० धरले तर २७० ग्रॅम. १५० धरले तर ३३७. मध्ये ६७ ग्रॅमचं अंतर, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त. २७० ग्रॅमची बिस्किटं ट्रेवर पसरतात, कडा कुरकुरीत होतात, मध्ये मऊ राहतात. ३३७ ची पसरतच नाहीत, घुमटासारखी वर येतात आणि खाताना केक आणि बिस्कीट यांच्या अधेमध्ये लागतात. दोन्ही करणारे छापील पाककृती तंतोतंत पाळत असतात.

म्हणून परक्या पाककृतीचे ग्रॅम करताना मी आधी तक्ता उघडत नाही. पाककृती कुठली, हे आधी बघायचं. अमेरिकेचा कप काटेकोर धरला तर २३७ मिलिलिटर, वेष्टनावरच्या पोषणमूल्यांसाठी धरतात तो २४०. ऑस्ट्रेलियाचा २५०. जपानचा २००, आणि तांदळाच्या कुकरसोबत येणारा जपानी कप त्याहून लहान, १८०. तोच मोठ्या चमच्याचा घोळ: अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तो १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २०. न्यू जर्सीतल्या बहिणीने आणि मेलबर्नच्या मावशीने एकाच केकची कृती पाठवली, तरी ती एकच नसते.

मग लिहिणारा कप कसा भरतो, ते शोधायचं. बहुतेकदा खूण त्याच्याच लिखाणात असते. चाळण्याचा उल्लेख असेल, तर ११५ च्या जवळ राहायचं. चमच्याने भरून सपाट करा म्हटलं असेल, तर १२०-१२५. काहीच म्हटलं नसेल आणि लिहिणारा कप बुडवून घेताना दिसत असेल, तर १४० ला बिचकू नये. कुठे एका पदार्थाचे कप आणि ग्रॅम दोन्ही दिले असतील तर मग सोन्याहून पिवळं. त्यावरून त्याचा कप आपोआप कळतो.

बाकीच्या पदार्थांना एवढा तपास लागत नाही. २४० मिलिलिटरच्या कपात गव्हाचं पीठ १२०, कॉर्नफ्लॉर १२५, बेसन ९०, कोको ८५ ग्रॅमच्या आसपास. रवा मात्र साखरेसारखा घरंगळणारा, त्यामुळे १६५ पर्यंत जातो आणि तिथेच टिकतो. गोव्यातल्या रवा-नारळाच्या बाथसारख्या केकला वाटीचं माप मैद्याच्या केकपेक्षा जास्त चालून जातं ते त्यामुळेच. दूध नि दही २४५, तेल २२०, मध ३४०. मधाचा कप तेलाच्या कपाहून दीडपटीने जड, तेव्हा ‘द्रव आहे, मिलिलिटर तेवढे ग्रॅम’ हा हिशोब पाण्याखेरीज आणि दुधाखेरीज कुठे करू नये.

आपली वाटी किती मिलिलिटरची, हे शोधायला दुकानातला कप लागत नाही. वाटी वजनकाट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, काठोकाठ पाणी भरायचं. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. आईच्या वहीतल्या कृती आईच्याच वाटीने एकदा अशा मोजून ठेवल्या, तर वाटी हरवली तरी त्या हाताशी राहतात.

वजनकाट्याच्याही खोडी आहेत. घरगुती डिजिटल काट्याच्या पोटात धातूची पट्टी असते. वजनाने ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा उमटतो. शंभर-दोनशे ग्रॅमला हे चोख चालतं. दोन ग्रॅमला नाही. शिवाय बऱ्याच काट्यांत एक सोय असते: आकडा थोडासाच सरकला तर काटा तो आपला दोष समजून पुन्हा शून्य धरतो. त्यामुळे चिमटीने मीठ घालत राहिलं, तर काटा ते मोजतच नाही. सोडा, यीस्ट, बेकिंग पावडर यांना म्हणून मापाचा सपाट चमचाच बरा, पाच मिलिलिटरचा. पोहे खाण्याचा चमचा नव्हे. मापाच्या चमच्यात कोरडं यीस्ट सुमारे ३ ग्रॅम बसतं, बारीक मीठ ६. अमेरिकी पाककृतीत ‘कोशर’ मीठ असेल तर सावध: त्याचे खडे पोकळ, पापुद्र्यासारखे असतात आणि काही प्रकारांत चमच्याला तीन ग्रॅमही भरत नाहीत. तिथे आपलं बारीक मीठ चमचाभर घातलं तर केक खारट ठरलेलाच.

पाव करणारे बेकरीवाले तर कपाच्या वाटेला जातच नाहीत. त्यांच्या हिशोबात पीठ म्हणजे नेहमी शंभर, आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत: पाणी ६०, मीठ २, यीस्ट एक-दोन. दहा किलोचा घाणा असो की अर्ध्या किलोचा, गणित तेच. घरच्या केकलाही हे जमतं. पाककृती एकदा ग्रॅममध्ये आली की तिची निमपट किंवा दीडपट करायला कागदसुद्धा लागत नाही. तीन अंड्यांच्या कृतीचं निम्मं करताना दीड अंडं कसं घालायचं, असं विचारतात. दुसरं अंडं वाटीत फोडायचं, बलक आणि पांढरं एकजीव होईपर्यंत काट्याने फेटायचं, आणि त्यातलं २५ ग्रॅम घ्यायचं. उरलेलं ऑम्लेटला.